धुऊन नेलेले पाय

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आमच्या नांदेडच्या चर्चमध्ये पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले, तसे. या बाराही जणांनी घरूनच पाय स्वच्छ घासून यायचं, असा आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे. पाळकसाहेबांच्या हाताला मळ लागला तर कसं दिसेल? मी तर आदल्या दिवशीच वजरीने टाचा घासून ठेवतो आणि नवे मोजे काढतो. बारा जणांची यादी मंडळीचा सचिव करतो. सचिव मीच असल्यामुळे माझं नाव कधी राहून गेलं नाही.

धाकटा भाऊ चाकूरला असतो. तो कुठल्याच यादीत बसणारा नव्हता. गालात तंबाखू, रविवारच्या उपासनेला दांडी, आणि प्रार्थना करायला सांगितली की दुसऱ्या वाक्याला गाडी अडलीच. आई त्याच्याकडे होती, कारण माझं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना हे फार सोयीचं कारण असतं. आईला शुगर, त्यात पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम. ती रोज दोनदा धुवावी लागे.

एकदा फोनवर भाऊ म्हणाला की त्या वासाने जेवण जात नाही, कंटाळा येतो, पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून करतो. मला आयतीच संधी मिळाली. घरोघरच्या प्रार्थनासभांत हाच माझा आवडता विषय होता. आधी अंतःकरणात देवाचं प्रेम, मग आज्ञापालन. प्रेमाविना पाळलेली आज्ञा म्हणजे नुसती हमाली. मी त्याला ते सगळं ऐकवलं. प्रेमाने करत नसशील तर देवाघरी त्याला किंमत नाही, असंही बजावलं.

"बरं दादा," तो म्हणाला, "पाणी निवून राहिलं. ठेवतो."

त्या वर्षी लातूरच्या डॉक्टरांनी आईला नेमकं त्याच गुरुवारी बोलावलं. अंगठा ठेवायचा की काढायचा, ते त्या दिवशी ठरणार होतं. आईने मला स्वतः फोन केला. भीती वाटते, तू जवळ पाहिजेस, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी अडचण सांगितली. यादी लागली होती, आणि ऐन वेळी अकराच शिष्य कसे चालतील?

"हाव," ती म्हणाली, "देवाचं काम हाय. ते कर."

गुरुवारी पाळकसाहेबांनी माझ्या पायांवर कोमट पाणी ओतलं आणि मला रडू आलं. ते रडणं खोटं नव्हतं. देवाविषयी इतकी माया मला क्वचितच दाटून आली असेल. शेजारच्याने रुमाल दिला. आईची आठवण झाली ती घरी परत निघताना. भावाला फोन केला, तर अंगठा वाचला, एवढं सांगून त्याने ठेवून दिला.

शनिवारी बसने चाकूरला गेलो. भाऊ जमिनीवर बसून आईच्या पायाची पट्टी सोडत होता. गालात तंबाखू होतीच. पाय हलवू नको म्हणून तिच्यावर खेकसतही होता. आईने कौतुकाने सांगितलं की जखम इतकी स्वच्छ ठेवली म्हणूनच अंगठा राहिला, असं डॉक्टर म्हणाले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात काहीतरी बोचलंही.

"तुझे धुतले का पाय?" आईने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मी हो म्हणालो आणि बाह्या सरसावून पुढे झालो. तेवढ्यात पट्टी सुटली, वास आला आणि माझा हात आपोआप मागे गेला.

"राहू दे," आई म्हणाली. "तुला सवय न्हाई."

प्रेमावर इतकी वर्षं बोललेला मी तिथे मान खाली घालून उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटली.

भावाने वर न बघता पाण्याचा टब माझ्याकडे सरकवला. "सवय काय दादा, चार दिवसांत होती. बस खाली."

मी बसलो. हिंदकळलेल्या पाण्याने माझे नवे मोजे भिजले. प्रेमबीम काही दाटून आलं नाही, वास मात्र तसाच येत राहिला. तरी मी आईचा पाय मांडीवर घेतला आणि धुवायला लागलो.