हळदीच्या पाण्याची बादली

माझ्या लग्नात मी सासऱ्यांची कडब्याची गंज पेटवली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर सासुरवाडीचं कुणीतरी तुम्हाला गाठून सांगेलच.

मुद्दाम नव्हती पेटवली. मे महिना होता, डोक्याला बाशिंग होतं आणि मित्रांनी नवरदेवाच्या हातात रॉकेट दिलं. मी ते थंड्याच्या रिकाम्या बाटलीत उभं केलं, वात पेटवली आणि मोठ्या ऐटीत दोन पावलं मागं सरलो. बाटली कलंडली. रॉकेट मांडवाखालून, वरमाईच्या पदराजवळून आणि आचाऱ्याच्या दोन पायांमधून सुसाट निघालं आणि थेट गोठ्यामागच्या गंजीत शिरलं. पैठणजवळच्या त्या गावात जनावरांचा उन्हाळाभराचा चारा बघता बघता जळाला. वऱ्हाडासाठी आणलेला पाण्याचा टँकर गंजीवर रिकामा झाला आणि पंगतीतल्या पाहुण्यांनी तहान मठ्ठ्यावर भागवली.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते राखेनं माखलेले माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. फक्त हात पुढं केला.

"जावईबापू, काडीपेटी इकडं द्या."

दिली. त्याला पंचवीस वर्षं झाली, ती परत मिळाली नाही. दिवाळीला सासुरवाडीला गेलो की मेव्हण्याची शेंबडी पोरं भुईचक्रं फिरवत आणि मला ओट्यावर बसवून चिवड्याची ताटली देत. मामा म्हणत, "तुम्ही खावा."

यंदाच्या मे महिन्यात माझ्या लेकीची हळद होती, मुकुंदवाडीतल्या आमच्या घरासमोर. दिवेलागणीला चार भुईनळे उडवायचे असं तिनंच ठरवलं होतं. मला एकच हवं होतं. पहिला भुईनळा माझ्या हातानं पेटायला हवा.

मामा दोन दिवस आधी एसटीनं आले. लाल फेटा, पांढरंशुभ्र धोतर. चहाच्या आधी त्यांनी फटाक्यांची पिशवी शोधली आणि मांडीखाली घेतली.

"पेटवायचं काम माझं. तुम्ही बादली धरा."

"मामा, लेक माझी आहे. घरही माझंच आहे."

"गंज माझी होती," मामा म्हणाले.

मी पिशवीचा नाद सोडला.

पण खरं सांगतो, त्या गंजीनं मला जन्माची अद्दल घडवली होती. वाळूजला आमच्या कंपनीत आग विझवायचं शिकवतात, तेव्हा मी नेहमी पहिल्या रांगेत असतो. तेव्हा पेटवायला मिळो न मिळो, तयारी तरी माझी असणार होती. मांडवाच्या कापडापासून लांब, गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर मी जागा धरली. वाळका पाला झाडून काढला. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अहो, माझ्या कूलरचं गवत नवीन आहे हां!" म्हणून आणखी दहा पावलं पलीकडं सरकलो. बायकोच्या डब्यातली रांगोळी घेऊन जाडजूड रेघ ओढली आणि जाहीर केलं, की या रेघेच्या अलीकडं फक्त पेटवणारा येईल. बाकी सगळे, नवरीसुद्धा, पलीकडं. पोरींना जाळीच्या ओढण्या कमरेला खोचायला लावल्या. "पप्पा, तुम्ही रॉकेट सोडताय का चंद्रावर?" लेकीनं विचारलं.

राहिली बादली, आणि सगळं अडलं तिथंच.

"पिंपाला हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "नळ कधी येईल नेम नाही, टँकरवाला फोन उचलत नाही आणि घरात एवढे पाहुणे."

"अगं, एकच बादली."

"एका बादलीत चार जणांच्या आंघोळी होतात. नुसती शोभेला ठेवू?"

ती म्हणाली ते चूक नव्हतं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एकदा वापरलेलं पाणीसुद्धा फुकट जात नाही. दुपारी लेकीला हळद लागली आणि पाटावर बसवून तिला न्हाऊ घातलं, तेव्हा तो पाट मोठ्या टपात ठेवलेला होता. ते पिवळंधमक पाणी कढीपत्त्याच्या झाडाला जायचं होतं. संध्याकाळी बायकोनं त्यातलंच बादलीभर माझ्यापुढं आदळलं.

"घ्या. कढीपत्त्याच्या वाट्याचं आहे, सांडू नका."

झालं! दिवेलागणीला गल्ली रेघेमागं उभी राहिली. मामांनी धोतराचा सोगा वर खोचला, पूजेला बसावं तितक्या भक्तीनं भुईनळा मधोमध ठेवला आणि लांब उदबत्ती वातीला लावली. मी रेघेवर बादली धरून उभा. वात जरा सुरसुरली आणि विझली. धूर नाही, काही नाही.

"राहू द्या मामा, मागं या!" मी म्हणालो. "जरा थांबू, मग पाणी टाकू त्याच्यावर."

"कशापायी? नवा हाय. इझलाय नुसता."

"मामा, वाकू नका!"

"लई शिकवू नका मला."

आणि मामा वाकले. वाकले ते वाकले, वर चुलीत घालतात तशी भुईनळ्यावर फुंकर घातली! फेट्याचा शेमला त्याच्यावर लोंबतोय, मिशा वीतभर अंतरावर. तेवढ्यात वातीच्या बुडाशी मला एक लाल ठिपका दिसला.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही. मी धावलो, एका हातानं मामांचं बखोट धरून मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं सगळी बादली झोकून दिली. निम्मं पाणी भुईनळ्यावर गेलं आणि तो फुस्स करून मेला. निम्मं मामांवर.

मामांच्या फेट्यातून, भुवयांवरून, मिशांवरून हळद ठिबकत होती. धोतर असं पिवळं की आता वाजंत्री लावून वरात काढावी. बायकोनं कपाळाला हात लावला होता. मला वाटलं, संपलं. आता पुढची पंचवीस वर्षं देवापुढं निरंजनसुद्धा लावू देणार नाहीत.

मामांनी भिजलेल्या पोळीसारख्या झालेल्या भुईनळ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"ही बादली," ते म्हणाले, "तवा कुठं होती?"

"कधी?"

"माझी गंज पेटली तवा!"

रेघेमागून लेक किंचाळली, "आबा, माझ्याआधी तुमचंच लग्न लागतंय!" आणि मग सगळी गल्ली हसत सुटली. पहिले हसले मामा. हसता हसता त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून कोरडी राहिलेली काडीपेटी काढली आणि हात पुढं केला, पंचवीस वर्षांपूर्वी केला होता तसाच. या वेळी काडीपेटी त्यांच्या हातात होती.

"घ्या जावईबापू. तुम्हीच पेटवा."

मी घेतली. केवढीशी वस्तू ती! लेक टाळ्या पिटत होती, दुसरा भुईनळा तयार होता, आणि मी रिकाम्या बादलीकडं पाहिलं.

"पेटवणार नाही," मी म्हणालो.

"आता काय झालं?" मामा ओरडले.

"बादली रिकामी आहे."

सगळ्यांनी माझ्या बायकोकडं पाहिलं. तिनं बादली उचलली, घरात गेली, आणि पिंपाचं झाकण वाजल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बादली काठोकाठ, स्वच्छ पाण्यानं भरलेली आली.

"चार आंघोळी आहेत यात," ती म्हणाली. "नीट पेटवा."

मी हात लांब करून, तोंड बाजूला वळवून वातीला उदबत्ती लावली आणि रेघेमागं पळालो, मुळीच ऐटीत नाही. भुईनळा असा उसळला, की काकूंची गॅलरी उजळली. माझ्या शेजारी लेक उभी होती, तिच्या शेजारी पिवळे मामा, आणि दोघंही शिट्ट्या मारत होते.

चारांतले तीन उडाले. बादलीला हात लावायची वेळ आली नाही. त्या पाण्यानं रात्री मामांनी आंघोळ केली, पण मिशा काही पांढऱ्या झाल्या नाहीत. लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्या पिवळ्याच आहेत.

ते गावाला निघाले तेव्हा मी काडीपेटी परत द्यायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," मामा म्हणाले. मग एसटीच्या पायरीवरून वळून, जरा विचार करून म्हणाले, "पर गावाकडं याल तवा इथंच ठेवून या."