चांदपाशांची चिठ्ठी

नवीन जालन्यात स्टेशनकडून येताना डाव्या हाताला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागून, एकाच पत्र्याखाली, चांदपाशा यांचं आयकराचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर एक पाटी : ‘चौतीस वर्षांत एकही दुरुस्ती नाही.’ पाटीवरचा आकडा दर एप्रिलमध्ये पाशाभाई स्वतः बदलतात, खुर्चीवर चढून, ब्रशनं. खुर्ची मी धरतो.

पाशाभाई माणूस सोन्यासारखा आहे. फक्त ते त्यांना स्वतःलाही जरा जास्तच माहीत आहे. बियाणांचे दुकानदार, शाळेतले मास्तर, बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारे नोकरदार, सगळे त्यांच्याकडूनच रिटर्न भरून घेतात. त्यांनी भरलेलं रिटर्न कधी परत आलं नाही हे खरंच आहे. पण खरी गोष्टसुद्धा माणसानं दिवसातून किती वेळा सांगावी, याला काही हद्द असते.

दुसरीकडं भरून चुकलेलं रिटर्न घेऊन कुणी आलं की पाशाभाई आधी फाइलला हात लावत नाहीत. एक कोरा कागद पुढं सरकवतात, वर पेन ठेवतात.

“काय चूक केली, का केली, सोत्ताच्या हातानं लिहा. खाली सही. मंग बघतो.”

“पाशाभाई, तुम्हीच लिहा न दोन ओळी,” असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. “चूक तुमची अन्‌ अक्षर माझं? असं कसं जमंल?”

या चिठ्ठ्या एका हिरव्या बॉक्स फाइलमध्ये जातात. त्यांचा सरकारला उपयोग नाही, कुणालाच नाही. पण पाशाभाईंचं म्हणणं असं, की चूक एकदा स्वतःच्या अक्षरात उतरली की माणूस ती पुन्हा करत नाही. बियाणांच्या धंद्यात अर्धा जिल्हा खिशात घालून फिरणारे अण्णासाहेब त्या खुर्चीत बसून, मान खाली घालून, परीक्षेला बसल्यासारखे चिठ्ठी लिहिताना मी पाहिलेत. अंगठ्या काढून ठेवल्या होत्या त्यांनी.

माझीही चिठ्ठी त्या फाइलमध्ये आहे. सहा वर्षांपूर्वी रिटर्न माझं मीच भरलं, चार पैसे वाचवायला. मग चुकलं, आणि भिंतीपलीकडं जावं लागलं. मी लिहिलं, ‘ठेवीवरचं व्याज दाखवायचं विसरलो.’ पाशाभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “विसरला का लपवलं?” मी ‘विसरलो’ खोडलं आणि दुसरा शब्द लिहिला. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून हा माणूस कधी चुकतो याची मी वाट पाहत होतो.

अर्शिया ही त्यांची सगळ्यांत धाकटी मुलगी. बियाणांचं शास्त्र शिकायला अमेरिकेला गेली, गेल्याच्या गेल्या वर्षी, जानेवारीत. जालन्याची पोर, दुसरं काय शिकणार? शिकता शिकता विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करायची, त्याचा पगार मिळायचा. पगार आला की कर आला. पुढच्या वर्षी, मार्च महिन्यात, पहिलं रिटर्न भरायची वेळ आली आणि पोरीनं वडलांना फोन लावला. पाशाभाई फोन स्पीकरवर टाकून बोलतात, त्यामुळं त्यांच्या घरातल्या गोष्टी गल्लीला वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

“अब्बा, फॉर्म में पूछ रहे, तुम यहाँ के रेसिडेंट हैं क्या?”

“कित्ते दिन रही तू वहाँ?”

“पूरा साल.”

“एकसौ बयासी के ऊपर गए ना? फिर रेसिडेंट. लगा टिक.”

“लेकिन अब्बा, कॉलेजवाले बोल रहे थे, स्टुडंट का अलग रहता...”

“कॉलेजवालों को क्या मालूम? तैंतीस साल से मैं यही काम कर रहा हूँ ना?”

आपल्याकडं नियम तसाच आहे. वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस देशात राहिलात की करापुरते तुम्ही इथले रहिवासी. हा आकडा पाशाभाईंना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ. अर्शियानं टिक केली. रहिवासी म्हटल्यावर तिथल्या लोकांना मिळणारी फीवरची सवलतही फॉर्मनं देऊन टाकली, आणि कापलेला कर सगळाच्या सगळा परत आला. पाशाभाईंनी पेढे वाटले. “अमेरिकेतही आपलाच हात चालतो,” असं प्रत्येक पेढ्यामागं एकदा म्हणाले. मी दोन खाल्ले, म्हणून दोनदा ऐकलं.

या फेब्रुवारीत अर्शियाचा मेल माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आला. “काका, प्रिंट काढून अब्बांना द्या. ते स्क्रीनवर वाचत नाहीत.” खाली अकरा पानं. झेरॉक्सवाल्यानं गिऱ्हाइकाचे कागद वाचू नयेत असा नियम आहे, आणि आमच्यातला एकही जण तो पाळत नाही.

पहिल्या पानावर तिनं सगळं समजावून लिहिलं होतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात एक शिबिर झालं, तिथं तिला कळलं. विद्यार्थी म्हणून आलेल्यांचे पहिली पाच वर्षं दिवसच मोजत नाहीत. कितीही राहा, करापुरते तुम्ही बाहेरचेच. फॉर्मही वेगळा असतो. म्हणजे तिनं भरला तो फॉर्म चुकला, घेतलेली सवलत चुकली, आणि सहाशे चाळीस डॉलर व्याजासकट परत करायचे. मे महिन्यात शिक्षण संपतंय. त्यानंतर वर्षभर तिथं नोकरी करायची परवानगी मागायची आहे. विद्यापीठातल्या बाईंनी बजावलं होतं, की अर्ज करायच्या आधी हे सरळ करून टाक, पुढं व्हिसाच्या वेळी कुणी विचारलं तर अडायला नको.

मी पहिल्यांदा हसलो. भिंतीपलीकडं ऐकू जाईल म्हणून तोंडावर हात ठेवून हसलो. मग दुरुस्तीच्या फॉर्मचं पान निघालं. त्यात एक मोठी चौकट होती : बदल कशासाठी करताय, ते तुमच्या शब्दांत सांगा. चिठ्ठीच की! पाशाभाईंचा कोरा कागद अमेरिकेपर्यंत पोचला होता. आणि त्या चौकटीत अर्शियानं लिहिलं होतं : ‘मी प्रश्न नीट वाचला नाही. चूक माझी एकटीची आहे.’

ते वाचल्यावर माझं हसू राहिलं नाही. प्रश्न तिनं नीट वाचला होता, शंकाही काढली होती. स्पीकरवर सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

पानं टाचून मी शेजारी नेऊन दिली. पाशाभाईंनी लाल पेन्सिल घेतली आणि तासभर वाचत बसले. दोन गिऱ्हाइकं येऊन, बसून, निघून गेली. पेन्सिल कागदाला एकदाही लागली नाही. शेवटी त्यांनी मला हाक मारली.

“सोमेश्वर, तू होता न त्या दिवशी? काय बोल्लो मी?”

मला ‘आठवत न्हाई’ म्हणता आलं असतं. पण ‘विसरला का लपवलं’ हे त्यांनी पुन्हा विचारलं असतं. “एकशे ब्याऐंशी दिवस बोल्ले तुम्ही.”

“अन्‌ ती?”

“स्टुडंटचं अलग राहतं, असं म्हणून राह्यली होती.”

पाशाभाई उठले. “चल घरी. साक्षीदार पाहिजे.”

घर मागच्याच गल्लीत. अजीजुन्निसाभाभी परातीत तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी चहा टाकला, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून साखर थोडी जास्त घातली. इकडं संध्याकाळ, तिकडं सकाळ. अर्शिया व्हिडिओ कॉलवर आली ती टॉवेलनं केस पुसत.

“झूठ क्यों लिखी?” पाशाभाईंनी दुआसलाम न करताच विचारलं.

“झूठ कहाँ, अब्बा? टिक तो मैंने ही लगाई.”

“तूने लगाई. बोला किसने?”

पोर पुन्हा केस पुसायला लागली.

“सरकारी कागद है वो! एक गलती दुरुस्त करने बैठी, और उसी में दूसरी डाल दी!”

“अब्बा,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्हारी वो पाटी है ना.”

पाशाभाईंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा रागही आला, कारण सहा वर्षं मी याच घटकेची वाट पाहत होतो.

भाभींनी परात खाली ठेवली. “पहले मेरे को समझाओ. गलती क्या हुई?”

अर्शियानं सांगितलं, “अम्मी, मेरे इधर के दिन गिनने के नहीं थे. अब्बा ने गिने.”

“नहीं गिनते वो लोगां?”

“पाँच साल तक नहीं.”

“मैं गिन रही,” भाभी म्हणाल्या. “सातसौ चौसठ हुए आज.” आणि पुन्हा परात मांडीवर घेतली. तिकडं अर्शियानं टॉवेल तोंडावर धरला.

पाशाभाईंनी खिशातला पेन काढला. “सोमेश्वर, कोरा कागद.” झेरॉक्सवाल्याच्या खिशात कोरा कागद असतोच असं त्यांना वाटतं, आणि तो होता. भाभींच्या डाळीच्या डब्यावर कागद ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. मराठीत, कारण सगळ्या चिठ्ठ्या मराठीतच असतात. लिहून, सही करून, वाळवून, कागद खिशात घातला. मग अर्शियाला म्हणाले, “आता तू इंग्लिशमध्ये लिही. माझे वडील जालना, भारत येथे कराचं काम करतात...”

“अब्बा, ये उनको नहीं चाहिए. तुम्हारा नाम कौन पूछ रहा?”

“लिख.”

तिनं लिहिलं. ‘माझ्या वडलांनी त्यांच्या देशातला दिवस मोजायचा नियम मला लावायला सांगितला. मी लावला. तो इथं लागू होत नाही.’ तीन ओळी झाल्या. मध्येच तिला हसू फुटलं, आणि मग ते हसू राहिलं नाही, नाक ओढायचा आवाज आला.

“आखिर में सॉरी लिखूँ क्या, अब्बा?”

“माफी कायको? दुरुस्ती मंगते वो लोगां. पैसे भर, रसीद रख.”

जाता जाता तिनं एक सांगितलं, की भारतातल्या विद्यार्थ्यांना दोन देशांच्या करारामुळं एक ठरावीक वजावट मिळते, ती बाकीच्या बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही, आणि तेवढी तिला ठेवता येणार होती. पाशाभाई ताठ बसले. “बघ सोमेश्वर, सरकारला आपली कदर हाय.” दोन मिनिटंही झाली नव्हती, माणूस पूर्वपदावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उचललं, तर ते ब्रश घेऊन उभे. एप्रिल यायला अवकाश होता. खुर्ची मी धरली. पाटी अशी झाली : ‘चौतीस वर्षांत एक दुरुस्ती.’ गिऱ्हाइकं विचारतात, कुणाची? पाशाभाई हिरवी बॉक्स फाइल उघडून सगळ्यांत वरची चिठ्ठी दाखवतात. मग माणूस मुकाट्यानं स्वतःची लिहायला बसतो. अण्णासाहेबांनी तर ती दोनदा वाचली आणि अंगठ्या न काढताच हसत बाहेर पडले.

अर्शियाला मे महिन्यात परवानगी मिळाली. दुरुस्ती मान्य झाल्याचं पत्र जूनमध्ये आलं, त्याचीही प्रिंट मीच काढली. पाशाभाईंनी ती फाइलला लावली आणि पेढे आणले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाशाभाई नमाजला गेले असताना, भाभी माझ्या दुकानात आल्या. भाभी कधी दुकानात येत नाहीत. पदराआडून त्यांनी एक घडी केलेला कागद काढून काउंटरवर पसरला. चिठ्ठी होती. एवढ्या जणांना दाखवून झाली, पण मी ती अजून वाचली नव्हती. शेजाऱ्याची वाचायची हिंमत झाली नव्हती म्हणा. पाशाभाईंचं ठसठशीत अक्षर :

‘मी चांदपाशा. नियम न बघता मुलीला सल्ला दिला. मुलगी बराबर सांगून राह्यली होती. मी ऐकलं नाही.’

“याला ते प्लास्टिक लावायचं,” भाभी म्हणाल्या.

“लॅमिनेशन? फाइलमधली आहे न ही, भाभी? पाशाभाई शोधतील.”

“फाइलसाठी झेरॉक्स द्या त्यांना. असली मी ठेवणार.” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “अडोतीस वर्षं झाली लग्नाला. हे त्यांच्या हातानं पहिल्यांदा लिहून आलंय.”

मी मशीन गरम करायला लावलं. कागद आत गेला, दुसऱ्या बाजूनं चकचकीत होऊन बाहेर आला. भाभींनी तो उजेडात धरून पाहिला, दोन्ही बाजूंनी.

“पुसणार न्हाई न आता?”

“पाण्यात टाकला तरी न्हाई, भाभी.”

“बस,” त्या म्हणाल्या, आणि पैसे विचारले. मी घेतले नाहीत.