ड्रॉइंगवरची एक ओळ

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कबनूरजवळच्या एका सूतगिरणीत मी इलेक्ट्रिकलचा इंजिनियर होतो, रोज कोल्हापुरातून एसटीनं जायचो. गिरणीतले पंखे आणि हवेतला ओलावा एका खोलीत बसून कॉम्प्युटरवरून सांभाळायचं मालकांच्या मनानं घेतलं. त्यासाठी सगळ्या खात्यांतून एक केबल फिरवायची होती. तिच्यातून यंत्रं चालवायची वीज जायची नव्हती, यंत्रांचे एकमेकांना निरोप जायचे होते. तिचा आराखडा माझ्याकडे आला. आमच्या भागात असलं काम कुणी बघितलेलं नव्हतं, त्यामुळं माझ्या डोक्यात हवा जायला वेळ लागला नाही.

आठवडाभर कागदावर वाकून बसलो. पॉवरच्या केबलपासून ही हातभर लांब ठेवायची, एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायची, मधे फाटा फोडायचा नाही, सगळं नेटकं मांडलं. मिस्त्रींना वाचता यावं म्हणून सूचना मराठीत लिहिल्या. एक मात्र राहिली. या केबलवर तारेच्या जाळीचं आवरण असतं, त्याला अर्थिंग एकाच टोकाला द्यायचं; जास्त ठिकाणी दिलं तर जाळीतून भलतीच वीज फिरते आणि निरोप बिघडतात. पुस्तकात मी ते वाचलं होतं. लिहायचं विसरलो.

केबल ओढली आमच्या वायरमन मिस्त्रींनी. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांचा धाकटा भाऊ यंत्रमागावर शॉक लागून गेला होता. तेव्हापासून त्यांच्या हातची प्रत्येक वस्तू दोन-दोन ठिकाणी अर्थिंगला बांधलेली असायची. एखाद्या साली जोतिबाची चैत्री यात्रा चुकेल, पण अर्थिंग चुकायचं नाही. इथंही त्यांनी प्रत्येक यंत्रापाशी जाळी अर्थिंगला आवळून बांधली.

चालू केल्यावर कॉम्प्युटरवरचे आकडे नाचायला लागले. ओलावा मधेच शून्य, मधेच शंभर. पंखे मनाला येईल तेव्हा बंद पडायचे, सूत तुटायचं, मॅनेजर माझ्यावर डाफरायचे. तीन आठवडे हा तमाशा चालला. शेवटी पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीचा माणूस आला. त्यानं एक टोक ठेवून बाकीची अर्थिंगं सोडली आणि आकडे जागेवर बसले.

"हे ड्रॉइंगवर नव्हतं का?" मॅनेजरनी मला विचारलं.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

ऑफिसात कुणी नव्हतं. काम संपल्यावर मिस्त्रींनी ड्रॉइंग नेमानं कपाटात परत ठेवलं होतं. मला नोकरीत कायम व्हायला दोन महिने राहिले होते. मी त्याच पेनानं, त्याच अक्षरात, सूचनांच्या खाली एक ओळ लिहिली: जाळीला अर्थिंग फक्त एका टोकाला. शाई वाळावी म्हणून वर फुंकरही मारली. त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

मॅनेजरनी ते ड्रॉइंग मिस्त्रींपुढं टाकलं. मिस्त्रींनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. मी घाबरून उभा होतो. ही ओळ आधी नव्हती, एवढं ते म्हणाले असते तर मी संपलो असतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण त्या बघण्यात संशय नव्हता.

"हाय की, लिवलंय," ते म्हणाले. "माझ्याच नजरंतनं सुटलं, सायेब."

मी ड्रॉइंग उचलून गुंडाळी केली. वायरिंगमधली त्यांची तीस वर्षं त्या दुपारी संपली. त्यांना गोडाऊनात पोती मोजायला बसवलं.

महिन्याभरानं ते मला एसटीच्या थांब्यावर भेटले. नाकावर काळ्या जाड काड्यांचा नवा चष्मा होता, आणि तो सारखा खाली घसरत होता.

"करून घेतला बगा," ते म्हणाले. "डाक्टर म्हणतोय, नंबर जरासाच हाय, नसला तरी चालंल. मीच म्हटलं, द्या. एवढी ढळढळीत ओळ दिसली न्हाय, म्हंजे डोळं गेल्यातच की माझं."

"बरं केलंत," मी म्हणालो.