अर्जावरची बारावी सही

माझ्या मित्रानं रस्त्यावर रेस्टॉरंट काढलं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्याचा अर्ज मीच लिहून दिला. वर्ष उलटायच्या आत ते रेस्टॉरंट रात्री नऊला बंद व्हावं म्हणून तक्रारीचा अर्जही मीच लिहिला. दोन्ही अर्जांत माझं अक्षर सारखंच देखणं होतं. पहिल्यात मी म्हटलं होतं, 'सदर व्यवसायामुळे गावाच्या वैभवात भर पडेल.' दुसऱ्यात म्हटलं, 'सदर व्यवसायामुळे गावाचे स्वास्थ्य धोक्यात आले आहे.' मधल्या काळात गाव होतं तिथेच होतं. मी मात्र आतून जळून कोळसा झालो होतो.

ग्रामपंचायतीला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. गोंदियाहून दवनीवाड्याकडे जाणारा रस्ता दुकानासमोरूनच जातो. लोक झेरॉक्स काढायला यायचे आणि अर्ज लिहून घेऊन जायचे. रेशनकार्ड हरवलं, विहीर मंजूर करा, बांधाचा वाद मिटवा. गावाची सगळी दुःखं माझ्या लेखणीतून जायची आणि जाताना जरा नटून जायची. संध्याकाळी सहा वाजले की दुकानाच्या पायऱ्यांवर सातजण येऊन बसत. मग मी गोष्टी सांगे. कालची गोष्ट आज सांगताना तिच्यात एखादा साप वाढलेला असे, पण ऐकणारे सज्जन होते. कोणी साप मोजले नाहीत.

शिवाय मी नट. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ नाहीतर नाटक, तेही उजाडेपर्यंत. आमच्या गावच्या नाटकात सोळा वर्षं नायक मीच. पोट सुटलं, कानावरचे केस पिकले, नायिका तीनदा बदलली, पण नायक बदलला नाही. नाटक दरवर्षी नवं. तालीम महिनाभर चाले आणि त्या महिन्यात मी पहिला अंक पाठ करी. दुसरा अर्धा. तिसऱ्याच्या वाटेला मी कधी गेलो नाही. गरजच नव्हती, कारण विंगेत मांडीवर वही आणि हातात टॉर्च घेऊन तो बसलेला असे. माझा प्रॉम्प्टर. त्याचा आवाज दगडासारखा सपाट. तो माझ्या कानापर्यंत बरोबर पोचे आणि पहिल्या रांगेच्या अलीकडे विझून जाई. मी विसरून थांबलो की लोकांना वाटे, काय थांबतो हा माणूस! एक म्हातारे गृहस्थ तर दरवर्षी सांगत, 'बोलनारे लय पाहिले, पन थांबावं तं यानंच.'

टाळ्या पडत त्या माझ्या. त्यात त्याचा काही वाटा असेल, असं मला सोळा वर्षांत एकदाही वाटलं नाही. त्यालाही वाटत नसावं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तर हाच तो माझा मित्र. बरीच वर्षं तो गोंदियात एका हॉटेलच्या भटारखान्यात होता, मंडईपुरता गावात यायचा. मग एका दसऱ्याला कायमचा परतला. माझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडचा धानाच्या बांधीचा तुकडा मुरूम टाकून भरला, टिनाचं शेड उभं केलं, लाल-निळे बल्ब टांगले आणि 'फॅमिली रेस्टॉरंट' असा बोर्ड लावला. बोर्डावरची अक्षरंही माझीच. पहिले चार महिने तिथे एकही फॅमिली फिरकली नाही. राइस मिलचे हमाल आले, ट्रकवाले आले, एकदा तर नागझिऱ्याचा वाघ पाहायला निघालेले आणि रस्ता चुकलेले नागपूरचे पाहुणे आले. वाघाऐवजी मुर्गा खाऊन खूश होऊन गेले. दारूचा थेंब तिथे मिळत नव्हता. मिळत असता तर माझं काम किती सोपं झालं असतं!

काउंटरवर एक माइक होता. 'दोन नंबर, तुमचा मुर्गा तयार!' असं तो त्यावरून सांगायचा. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. तसं मी अर्जात लिहूनच दिलं होतं.

मग एका संध्याकाळी भट्टी नीट पेटेना. गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं. त्याला धरून ठेवायला यानं माइकवरून आमच्या एका नाटकातला प्रवेश म्हणून दाखवला. सगळी कामं एकट्यानं. सासऱ्याचं, सावकाराचं, नायिकेचं. आणि माझं. न अडखळता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पायऱ्या ओस पडायला लागल्या. पहिला गेला तो पोस्टमन.

'कोठी चालला गा?' मी विचारलं.

'जरा मुर्गा पाहून येतो.'

'मुर्गा का पाहाची गोष्ट हाय?'

'तसं नाही जी,' तो चप्पल शोधत म्हणाला, 'तो तुमचं काम करून रायला म्हनते आज. तिसरा अंक.'

माझा तिसरा अंक! जो मीसुद्धा कधी सलग ऐकला नव्हता!

महिन्याभरात सातही गेले. मी एकटा पायरीवर बसे आणि रस्त्यापलीकडून हसण्याच्या लाटा येत. रात्री खाटेवर पडलो की माइक स्पष्ट ऐकू येई. कुठल्या वाक्यावर लोक हसणार हे मला आधीच कळे, आणि ते तिथेच हसत. मी उठून बसे. बायकोनं काही दिवस हे पाहिलं.

'का झालं जी?'

'आवाजानं झोप येत नाही.'

'आवाजानं का हासन्यानं?'

'एकच आहे ते.'

'एकच कसं? शेजारच्याचा पंप चालते रातभर, थ्यानं तुमाले झोप येते. ट्रकं जातेत, थ्यानं येते. लोकं हासले का मंगच काऊन उठून बसता?'

आमच्याकडची माणसं असंच बोलतात. पुण्याच्या बायकोनं हेच सांगायला आठवडा घेतला असता आणि मला तेवढी उसंत मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी तक्रार लिहिली. त्याच्या दाखल्याची मुदत एक वर्षाची होती आणि गांधी जयंतीच्या ग्रामसभेत तो पुन्हा द्यायचा की नाही हे ठरणार होतं. रात्री साडेअकरापर्यंत उघडं ठेवायची परवानगी त्याला पाहिजे होती. नऊला बंद केलं तर त्याचं दुकानच बसणार, हे मला ठाऊक होतं. ट्रक नऊच्या नंतरच थांबतात. तरी मी लिहिलं. आजवरचं माझं सगळ्यात सुंदर लेखन ते. 'वृद्धांची निद्रा', 'रुग्णांची तगमग', 'लहान लेकरांच्या अभ्यासावर होणारा विपरीत परिणाम'. वाचता वाचता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

बारा सह्यांचा अर्ज वजनदार दिसतो, हा माझा धंद्यातला अनुभव. बायकोला विचारलं, तर तिनं हातातलं सूपसुद्धा खाली ठेवलं नाही. 'मी सहीबी देत नाही अना अंगठाबी देत नाही,' म्हणाली. पण गावाला सवय अशी होती की मी कागद पुढे केला की लोक पेन मागत. आजवर माझ्या अर्जानं कोणाचं वाईट झालं नव्हतं. दोन दिवसांत अकरा सह्या झाल्या. त्यातले नऊजण त्याच संध्याकाळी सही केलेल्या हातानं मुर्गा खात होते. पोस्टमनची सही तर सगळ्यांत मोठी होती.

बारावी मिळेना. 'एक कमी पडून राहिली,' असं मी कोणाला तरी म्हणत होतो, आणि दारात तो उभा. मसाल्याच्या यादीची झेरॉक्स काढायला आला होता. कागद टेबलावर उघडा. मी वरून कोपर ठेवलं, पण कोपरानं दोन पानं कशी झाकणार?

'कायचा अर्ज हाय गा?'

'गावाच्या भल्याचा.'

त्यानं माझं कोपर अलगद उचललं, जसं ताटावरून मांजर उचलावं. कागद हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली, पान उलटलं आणि बाराव्या आकड्यापुढे सही करून यादीची झेरॉक्स घेऊन निघून गेला. मी मनात म्हटलं, हाही न वाचताच सही करणारा! आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी लाज वाटली नाही. विजय वाटला.

ग्रामसभा दुपारी शाळेच्या पटांगणात भरली. एरवी पन्नास माणसं जमवताना ग्रामसेवकाची दमछाक व्हायची, त्या दिवशी झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. सरपंचबाई आमच्याच आळीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. ग्रामसेवक अर्ज वाचायला उठला, तर मी त्याला हातानं बसवलं. एवढं लेखन आणि ते ग्रामसेवकाच्या नाकातून बाहेर पडावं? 'मी तोंडी मांडतो,' म्हणालो. कागद हातात घेतला नाही. नायक हातात कागद घेऊन उभा राहत नाही.

सुरुवात झकास झाली. वृद्धांच्या निद्रेवर एक म्हातारी पदरानं डोळे टिपायला लागली. रुग्णांच्या तगमगीला मी आवाज खाली आणला. 'आणि एवढ्यावरच हे थांबत नाही!' असं म्हणून उजवा हात वर नेला.

आणि थांबलो.

पुढचं आठवेना. हात वर, मान वळलेली, तीनशे माणसं गप्प. मागून कोणीतरी कौतुकानं म्हणालं, 'पाहा, कसा थांबते!'

तेवढ्यात डावीकडून, पाण्याच्या ड्रमापाशी तो उभा होता तिकडून, दगडासारखा सपाट आवाज आला: 'लहान लेकरांच्या अभ्यासावर...'

'लहान लेकरांच्या अभ्यासावर,' मी गरजलो, 'विपरीत परिणाम होत असून!'

'...पालकवर्ग हवालदिल झाला आहे.'

'पालकवर्ग हवालदिल झाला आहे!'

'...तरी मायबाप ग्रामसभेने सदर इसमास...'

'तरी मायबाप ग्रामसभेने सदर इसमास...' इथे मला भान आलं. सदर इसमच मला वाक्य देत होता.

स्टेजवर तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचत नसे. इथे रांगाच नव्हत्या, सगळे त्याच्याभोवती बसलेले. लोक आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहायला लागले. मग पोस्टमन खो खो हसला आणि अख्खं पटांगण फुटलं. टाळ्या पडल्या. सोळा वर्षं मी टाळ्या खाल्ल्यात, त्या कोणासाठी आहेत हे मला पाठीमागूनही कळतं. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

सरपंचबाईंनी सगळं शांत होऊ दिलं. मग विचारलं, 'भाऊजी, रातच्या नऊनंतर गावात आवाज नको, असंच ना?'

'होय.'

'मंग मंडईचं नाटक कितीले संपवाचं?'

मी ड्रमाकडे पाहिलं. तिकडून या वेळी काही आलं नाही.

'अना हे बारावी सही,' त्यांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला, 'हे तं थ्याचीच हाय.'

पुन्हा हशा. ठराव असा झाला की रेस्टॉरंट साडेअकरापर्यंत चालावं, पण माइक दहाला बंद व्हावा. मंडईची एक रात्र सोडून. मी घरी गेलो. बायको ताट वाढून पुन्हा सूप घेऊन पाखडत बसली.

दोन दिवसांनी मी त्याच्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा पाय ठेवला. मनात होतं की माइकशिवाय याचं काय उरलंय ते पाहू. दहा वाजले, त्यानं शिस्तीत बटण दाबलं. आणि ते माझे सातजण, हमाल, ट्रकवाले, सगळे खुर्च्या ओढत काउंटरजवळ सरकले. कानात प्राण आणून बसले. त्याला आता आवाज चढवायची गरजच उरली नव्हती. म्हणजे माझ्या तक्रारीनं त्याला काय मिळवून दिलं, तर जास्त जवळचे श्रोते! मुर्गाही उत्तम होता. त्याचाही मला राग आला.

निघताना त्याला बाजूला घेतलं.

'वाचून सही केली होती का बे?'

'वाचल्याबिगर सही करतो का मी?'

'मंग कायले केली?'

त्यानं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. 'अकराच झाल्या होत्या,' म्हणाला. 'तू एक कमी पडून रायली म्हनत होतास.'

त्या वर्षी मी हट्टानं तिन्ही अंक पाठ केले. बायकोनं वही धरून घोकून घेतले. मंडईच्या रात्री पहिला अंक पार, दुसरा पार, कुठेही अडलो नाही. विंगेत तो बसला होता, वही मिटलेली, टॉर्च विझलेला, समोर बघत शेंगदाणे खात होता. माझं अर्धं लक्ष तिकडेच. एवढा पाठ करून आलोय आणि हा शेंगदाणे खातो! तिसऱ्या अंकात नायिकेला ठणकावून सांगायचं वाक्य आलं. ते मला तोंडपाठ होतं. मी हात वर नेला, मान वळवली आणि मुद्दाम थांबलो.

शेंगदाण्याची पुडी खाली पडली. टॉर्च लागला. वाक्य आलं.