मीच मागून घेतलेली साइटेशन्स

आधी चहा संपवा, नाहीतर हसताना सांडाल. ही फजिती मी मेधाला, म्हणजे बायकोलासुद्धा, अजून पूर्ण सांगितलेली नाही!

मी दिल्लीत गणित शिकवतो. विषय कॉम्बिनेटोरिक्स. म्हणजे काय? पंगतीत एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा शेजारी येणार नाहीत अशा किती तऱ्हांनी पानं मांडता येतील, ते एकही पान न मांडता सांगायचं. फार सुंदर विषय हो! द्वारकेला मेट्रोत बसलो की डोळ्यांपुढे ठिपके, रेषा, रंग तरंगायला लागतात. उतरायचं असतं मध्येच, जाग येते थेट नोएडाला.

तर प्रोफेसर व्हायची शेवटची संधी आली होती. निवृत्ती दोन वर्षांवर. आता कमिटी विचारणार, तुमच्या पेपरांचा उल्लेख इतरांनी आपल्या पेपरांत किती वेळा केला? त्यालाच साइटेशन म्हणतात. माझी होती अकरा. त्यातली नऊ मीच केलेली!

"अहो, त्या उरलेल्या दोघांना एकदा जेवायला तरी बोलवा," मेधा म्हणाली.

अशात एका जर्नलकडून एक पेपर तपासायला आला. त्या जर्नलात लेखकाला रेफरीचं, म्हणजे तपासणाऱ्याचं, नाव कळत नाही, रेफरीला लेखकाचं. वाचला. माझाच विषय, ग्राफ म्हणजे ठिपके-रेषांची जाळी रंगवण्याचा, आणि त्यात माझं नावच नाही! बिल्कुल नाही!

मी खिडकीत जाऊन बसलो. खाली सोसायटीतला अमलताश, आपला बहावा हो, पिवळाधम्मक झाला होता. बघता बघता तंद्री लागली. यात आपले तीन पेपर आले, तर हा वाचणारा दुसरा कोणी आपलं नाव घेईल, मग तिसरा… दूर कुठल्याशा देशात, एका लांबलचक फळ्यावर, कोणीतरी हळूहळू खडूने लिहितंय, 'आपट्यांचं प्रमेय'. आहाहा!

त्याच तंद्रीत अभिप्राय लिहिला. 'लेखकाला या विषयातले पायाभूत काम ठाऊक नाही असे दिसते. श्री. आपटे यांच्या तीन पेपरांचा उल्लेख केल्याशिवाय हे छापू नये.' पायाभूत! लिहिताना जराही लाजलो नाही मी.

महिन्याभराने लेखकाचं उत्तर आलं. 'आपटे यांचे काम आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या पहिल्या पेपरातले प्रमेय चूक आहे, आणि बाकीचे दोन त्यावरच उभे आहेत. ज्येष्ठ माणसाचे मन दुखू नये म्हणून उल्लेख टाळला होता. पण रेफरींचा आग्रहच आहे, तर तिन्ही पेपरांचा उल्लेख करून चूक सविस्तर दाखवली आहे.'

खाली सात ठिपक्यांचं एक चित्र. सात! माझं वीस वर्षांचं प्रमेय सात ठिपक्यांत आडवं!

तीन दिवस मी ते ठिपके जोडत बसलो. चित्र बरोबर होतं आणि, काय सांगू, देखणंही होतं. वाईट वाटलं, फार वाटलं. पेपर नाकारावा असं मनात येऊन गेलं. पण गणितात खोटं कसं बोलणार? 'छापावा' असं लिहून पाठवून दिलं.

छापून आला तेव्हा नाव दिसलं. शबाना तांबोळी! माझीच जुनी विद्यार्थिनी, बार्शीची, आता नोएडाला शिकवते. तिला फोन करायचं धाडस मला होईना, आणि मला करायचं बहुतेक तिला.

पुढे काय झालं असेल? पेपर गाजला! जो तो त्याचा उल्लेख करी आणि शेजारी लिही, 'मूळ चुकीसाठी पाहा: आपटे'. माझा आकडा जो चढायला लागला! इंटरव्ह्यूला अध्यक्ष होते रसायनशास्त्राचे. त्यांनी चष्मा वर करून आकडा पुन्हा बघितला.

"आपटे साहब, आपके काम का तो जबरदस्त असर है!"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं विनय. झालो प्रोफेसर!

त्याच संध्याकाळी शबानाचा फोन आला. आवाज रडवेला.

"सर, अभिनंदन. पण मला माफी मागायचीये. तुमचं नाव मी मुद्दाम टाळलं होतं, शपथ! पण तो रेफरी हटूनच बसला. तुमचा कोणीतरी पक्का दुश्मन असणार तो, सर. ओळखता का तुम्ही त्याला?"

"ओळखतो ना," मी म्हणालो. "आजच प्रोफेसर केलाय त्याला."