सारंगीवर ओवलेले हार

कविताचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये फळ्यावर वर्तुळ काढत होतो. शिकवताना मी फोन उचलत नाही, पण सुधाकरची पोरगी सकाळी आठला मला उगाच कशाला फोन करेल? उचलला. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली. पोरांना म्हटलं, पुढचं गणित सोडवा... आणि हातातल्या खडूसकट स्कूटर काढली. त्याच्या घरी जायचं सोडून बाजारात त्याच्या फुलांच्या दुकानासमोर कसा येऊन थांबलो, देव जाणे. शटर बंद होतं. शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, "सर, आज सुधाकरभाऊ काहून नाई आले?" त्याला काही माहीत नव्हतं. बाजारात कुणालाच नव्हतं. तीस वर्षं त्या दुकानापुढे थांबून लोक "कोन गेलं हो?" असं विचारत आले आणि ज्या दिवशी खरंच कोणी गेलं त्या दिवशी एकानंही विचारलं नाही. त्या दिवशी तिथे सारंगी वाजत नव्हती ना!

आम्ही दोघं अमरावतीजवळच्या भातकुलीचे, शाळेत एका बाकावरचे. त्याच्या घरी झेंडू-शेवंतीची शेती. दहावीनंतर तो वडिलांबरोबर अकोल्याला फुलं पोचवायला जाऊ लागला. तिथे रहीमचाचा म्हणून एक म्हातारे कारागीर नवरदेवांचे सेहरे गुंफायचे आणि दुपारी हात मोकळे झाले की सारंगी घेऊन बसायचे. सुधाकर तिथे जो अडकला तो अडकलाच. आमच्या वयाची पोरं वरातीच्या बँडपुढे नाचत होती, तेव्हा हा गडी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून अकोल्याला जायचा आणि चाचांचं वाजवणं कॅसेटींत भरून आणायचा. एकदा मलाही ओढून नेलं. मला वाटलं, दहा मिनिटांत उठू. उठलो तोवर बडनेऱ्याकडच्या दोन गाड्या निघून गेल्या होत्या. निघताना मी शहाणपणानं विचारलं, "चाचा, हे बाजा रोनेका है ना?" म्हातारा असा भडकला! "किसने बोला रोने का? मैंने इसपे शादियां बजाई हैं, शादियां!" परतीच्या गाडीत सुधाकर बडनेऱ्यापर्यंत माझ्यावर हसत होता.

पण माझं तरी काय चुकलं होतं? आमच्याकडे सारंगी ऐकली ती रेडिओवर, कोणी मोठा माणूस वारला की. दिवसभर तीच लागायची. त्यामुळे सारंगी म्हणजे मयत, हे अख्ख्या बाजाराच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सुधाकरनं अमरावतीत दुकान टाकलं आणि पहिल्याच सकाळी चाचांची कॅसेट लावली, तर समोरच्या भांडेवाल्यानं आपलं शटर अर्धं ओढून घेतलं आणि टोपी घालून हात जोडत हजर! सुधाकरनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "कोनी नाई गेलं शेठ, हे मले आवडते." एका नवरदेवाचा मामा वरमाला घ्यायला आला आणि अपशकुन म्हणून उलट्या पावली परत गेला. मी म्हटलं, अरे, गिऱ्हाईक असताना तरी बंद ठेव. तर म्हणे, "अशी सावकाश ठाय लय असली का गाठ बराबर बसते. ढिंच्याक लावलं का सुई बोटात जाते अन् झेंडू फाटते. पायजे तं आयक, नाई तं दुसऱ्या दुकानी जाय!" आणि खरं सांगतो, त्याच्या हाराची गाठ कधी सुटली नाही. तो मामाही पुढच्या लग्नाला त्याच्याकडेच आला.

सुधाकर असा बिनधास्त. आणि मी? मी भित्रा. मलाही सारंगीच आवडायची. पण आमच्या क्लासच्या मास्तर मंडळींत जो तो नवी गाणी लावणार, टेबलावर ठेका धरणार. मी मान डोलवायचो आणि आतून वाटायचं, आपण इथले नाहीच. घरी मात्र कानात इअरफोनच्या गुंड्या घालून चाचा ऐकायचो. चोरून. पन्नाशीचा माणूस, गणिताचा मास्तर, आणि चोरून!

एकदा आम्ही सगळे मास्तर चिखलदऱ्याला निघालो. गाडीत एक जागा होती म्हणून सुधाकरलाही घेतलं. घाटात वानखडे सरांनी गाणी लावायला माझा फोन गाडीला जोडला आणि सुरू काय झालं? चाचा! "अबे, कोन मेलं?" कोणीतरी ओरडलं. गाडीभर हशा. मी पटकन म्हणालो, "माझं नाही ते. या सुधाकरनं टाकून देल्लं. मी कुठं असलं ऐकतो!" सुधाकर मागच्या सीटवर होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "हो हो, म्याच टाकलं. बदला सर, बदला." आणि खिडकीबाहेर बघत बसला. जिवाभावाच्या माणसाला मी चार टाळक्यांसमोर तोंडघशी पाडलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर गेलो. माफी मागायची होती. त्यानंच विषय काढला. "आवडते असं नको सांगू लोकाइले, काई बिघडत नाई. पन आवडत नाई, असं नको म्हनू बावा. लग्न झालेल्या मानसानं, मले बायकोच नाई, असं सांगावं, तसं वाटते ते." आणि माझ्याकडे सुई-दोरा सरकवला. "धर. शेवंती ओव." मी ओवली. माझी गाठ सैल बसली. तो हसला... त्याच्यापुरतं ते तिथंच संपलं. माझ्यापुरतं नाही. त्या मंडळींसमोर खरं बोलायचं राहूनच गेलं. आज बोलू, उद्या बोलू करता करता हा गेला.

तेरवीनंतर कवितानं दुकान उघडलं. मी रोज क्लास सुटला की तासभर जाऊन बसतो. आता गाठ जरा बरी बसते. ओल्या फडक्याखाली निशिगंध, फळीवर तो चेपलेला स्पीकर, त्यात चाचांच्या कॅसेटींवरून भरलेला पेनड्राइव्ह. पहिले दोन दिवस कविताचा हात बटणाकडे जाईना. माझाही नाही. तिसऱ्या दिवशी मी लावला. सारंगी सुरू झाली, पोरीनं डोळे पुसले आणि सुई उचलली.

तेवढ्यात दारात वानखडे सर. मागे आमच्याच क्लासचे आणखी दोघं, कुणाच्या तरी निरोप समारंभाचा हार न्यायला आलेले. सवयीनं सर बोलून गेले, "काय हो, कोण गेलं?" आणि बोलल्याबरोबर जीभ चावली. चेहरा पार उतरला बिचाऱ्याचा. कविता खाली पाहू लागली.

मी गाठ पक्की ओढली. आवाज थोडा वाढवला.

"कोणी नाही गेलं सर. हे माझं आहे, मी ऐकून राहिलो. त्या दिवशी घाटातही माझंच होतं. बसा."