रोजामावशींची गाणी

परवा नातीच्या शाळेत ओल्या फळ्यावरच्या खडूचा वास आला आणि मला माझ्या लग्नानंतरची, पन्नास सालाच्या पुढची बोरीवली आठवली. माझे यजमान मास्तर होते आणि गावातलं छोटंसं इतिहास मंडळही चालवत. ‘पुढील कार्यक्रम’ ते शाळेबाहेरच्या फळ्यावर स्वतः लिहीत.

एकदा त्यांनी लिहिलं, ‘गावठाणातल्या रोजामावशींची लग्नगीतं’. पण शहरातून एक प्राध्यापक यायला तयार झाले आणि मावशींचं नाव पुसलं गेलं. पुढच्या महिन्यात गडकिल्ल्यांवर बोलणारे वक्ते मिळाले, तेव्हाही तसंच. भाजीची पाटी घेऊन दारात आल्या की मावशी विचारायच्या, "मास्तर, माजी गानी कवा?"

"पुढच्या महिन्यात नक्की," हे म्हणायचे. "त्या काय, इथल्याच आहेत," असं मीही यांना म्हटलं होतं.

पावसाळा सरता सरता मावशींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आम्ही भेटायला गेलो. यांना पाहताच त्यांचे ओठ हलू लागले, पण आवाज फुटेना. चांगल्या हाताने त्यांनी खाटेवर ठेका धरला, तेव्हा कळलं की त्या गात होत्या.

मला तिथे बसवेना. "चला, त्यांना त्रास होतोय," मी हळूच म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. आज वाटतं, त्रास माझा मलाच होत होता.

यांनी नकारार्थी मान हलवली. खाटेजवळ जमिनीवर मांडी घातली आणि मावशींचा हात थांबेपर्यंत हे ऐकत राहिले.